स्वयंसेवक येतात कशासाठी आणि टिकतात कशामुळे?

पायवाट (धागाकर्ता)

अंध विद्यार्थ्यांना पुस्तके वाचून दाखवणे, ती ध्वनिमुद्रित करणे आणि परीक्षेसाठी लेखनिक मिळवून देणे, एवढेच काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत गेली अकरा वर्षे मी स्वयंसेवकांच्या वेळा जुळवण्याचे काम पाहतो. संस्थेत पगारी माणूस एकही नाही. नव्याने येणाऱ्याकडून आम्ही एक अर्ज भरून घेतो आणि त्यात एक प्रश्न असतो : ‘आपल्याला स्वयंसेवक म्हणून काम का करावेसे वाटते?’ या प्रश्नाखालची सगळी उत्तरे मी मागच्या महिन्यात सलग वाचून काढली. बहुतेकांनी ‘समाजाचे ऋण फेडण्यासाठी’ असे लिहिले आहे आणि काहींनी ती जागा कोरीच सोडली आहे. यांपैकी कोण टिकले आणि कोण तीन महिन्यांत दिसेनासे झाले, हे त्या अर्जांवर पेन्सिलीने नोंदवत गेलो, तेव्हा लक्षात आले की उत्तराचा आणि टिकण्याचा काहीही मेळ लागत नाही. जागा कोरी सोडणाऱ्या एक बाई नऊ वर्षे दर शनिवारी न चुकता येत आहेत. आणि ज्यांचे उत्तर अर्जाच्या मागच्या बाजूपर्यंत गेले होते, त्यांतले दोघे जेमतेम एकदा आले.

ही उत्तरे खोटी आहेत असे मला मुळीच म्हणायचे नाही. लिहिताना प्रत्येकाने मनापासूनच लिहिले असणार. पण मग खरे कारण कुठे असते? कोणतीही सक्ती नसताना, मोबदला नसताना, दिवसभराच्या कामाने दमलेला माणूस संध्याकाळी दोन तास एका अनोळखी मुलाला अर्थशास्त्राचे पुस्तक वाचून दाखवायला का येतो, आणि एके दिवशी येणे का थांबवतो? आपल्यापैकी जे कोणत्याही स्थानिक सेवाभावी संस्थेत काम करतात त्यांनी लिहावे. ज्यांनी असे काम सोडले त्यांनी तर आवर्जून लिहावे, कारण ते सहसा कोणाला काही सांगत नाहीत.

मोजपट्टी

मी सामाजिक मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आपल्या पेन्सिलीच्या नोंदींना दुजोरा देणारे संशोधन बऱ्याच आधी झालेले आहे.

गिल क्लॅरी आणि मार्क स्नायडर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह १९९८ मध्ये स्वयंसेवकांसाठी तीस विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली, आणि या विषयावर काम करणारे लोक ती आजही वापरतात. तिच्यामागचा विचार असा की दोन माणसे शेजारी बसून एकच काम करत असली, तरी ते काम त्या दोघांच्या आयुष्यात वेगवेगळी गरज भागवत असते. अशा सहा गरजा त्यांनी मांडल्या : आपल्याला जे मोलाचे वाटते ते कृतीत आणणे, जगाविषयी आणि माणसांविषयी काही नवे शिकणे, आपल्या ओळखीपाळखीच्या लोकांत मिसळून राहणे, नोकरीव्यवसायाला उपयोगी पडेल असा अनुभव मिळवणे, स्वतःच्या एकटेपणापासून किंवा आपण इतरांपेक्षा सुस्थितीत आहोत या टोचणीपासून आसरा मिळवणे, आणि स्वतःविषयी बरे वाटणे. यांतली दोन-तीन कारणे एकाच माणसात एकत्र नांदू शकतात. अर्ज भरताना मात्र पहिलेच ओठांवर येते, कारण ते सांगायला संकोच वाटत नाही. ‘मला घरात एकटे बसवत नाही’ असे अर्जात कोण लिहील?

त्याआधी, १९९५ मध्ये, ॲलन ओमोटो आणि स्नायडर यांचा एक अभ्यास आला होता, आणि तो आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचा आहे. एड्स झालेल्या रुग्णांना सोबत करणाऱ्या स्वयंसेवकांचा त्यांनी अडीच वर्षे मागोवा घेतला. त्या आजाराविषयी तेव्हा इतकी भीती होती की हे काम करणाऱ्यालाही लोकांच्या नजरा सोसाव्या लागत. अशा कामात कळवळ्याची माणसेच टिकतील असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात, मला काही समजून घ्यायचे आहे, माझी वाढ व्हावी, मला स्वतःविषयी बरे वाटावे, अशी स्वतःकडे वळलेली कारणे ज्यांच्याकडे होती ते जास्त काळ टिकले. परोपकारी स्वभावाची माणसे या कामात लवकर रमली आणि समाधानीही होती, पण नुसत्या स्वभावावरून कोण किती काळ राहील हे सांगता आले नाही. आणखी एक गोष्ट मला वाचताना चटका लावून गेली होती : ज्यांना स्वतःच्या आयुष्यात आधार देणारी माणसे कमी होती, ते अधिक काळ राहिले.

उंबरठा

मोजपट्टी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, पण त्यातून निघणाऱ्या अर्थाने मी अस्वस्थ झालो आहे. जो स्वतःच्या वाढीसाठी येतो तो जास्त टिकतो, हे मान्य केले तरी त्याला सेवा म्हणायचे का? आपल्याकडे ‘निरपेक्ष’ हा शब्द उगाच आलेला नाही. माझ्या पाहण्यात असे काही तरुण आहेत जे प्रमाणपत्रासाठी सहा महिने येतात, छायाचित्रे काढून घेतात आणि प्रमाणपत्र हातात पडताच परत फिरकत नाहीत. त्यांच्यात आणि आयुष्यभर मुकाट्याने खपलेल्या कार्यकर्त्यांमध्ये काही फरक करायचा की नाही? जुन्या पिढीत स्वयंसेवक हा शब्द समारंभात बिल्ला लावून उभ्या राहणाऱ्यापुरता होता. वर्षानुवर्षे काम करणाऱ्याला कार्यकर्ता म्हणत, आणि तो मान मिळवायला बराच काळ जावा लागत असे. आता दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, यातच आपण काहीतरी गमावले आहे असे मला वाटते.

सायंप्रकाश

मी संशोधक नाही आणि मोठी कार्यकर्तीही नाही. सहा वर्षांपूर्वी माझे यजमान गेले. त्यानंतरच्या काही महिन्यांत मला सगळ्यांत जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर दुपारी तीन ते पाच या वेळेचा. सकाळ कामात जाते, संध्याकाळी घरात माणसे असतात. ती मधली वेळ मात्र संपता संपत नसे. आमच्या शेजारच्या ताई एका वृद्धाश्रमात आठवड्यातून दोनदा जात. एकदा त्यांनी मला विचारले, “तिथल्या एका आजींना पत्र लिहायचे आहे. माझे अक्षर चांगले नाही, तुम्ही याल का?” त्या दिवशी मी केवळ अक्षर चांगले आहे म्हणून गेले. समाजाचे ऋण वगैरे काही माझ्या मनात नव्हते.

ते पत्र लिहून झाले तेव्हा आजी म्हणाल्या, “उत्तर आले की वाचायलाही तुम्हीच या.” म्हणून मी पुन्हा गेले. उत्तर यायला पाच आठवडे लागले आणि तोपर्यंत मी आणखी तिघींची पत्रे लिहायला घेतली होती. माझा मुलगा सुरुवातीला म्हणत असे की आई, कशाला या लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस, जरा विश्रांती घे. त्याला माझी काळजी होती, म्हणून मी रागावले नाही. पण विश्रांतीनेच मी खचत चालले होते, हे त्याला कसे समजावून सांगावे ते तेव्हा मला कळत नव्हते.

उंबरठा, आपल्या कसोटीवर मी बहुधा उतरणार नाही, कारण मी माझ्या तीन ते पाचसाठी जात होते. मात्र त्या आजींचे पत्र त्यामुळे वाईट लिहिले गेले असे मला वाटत नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या उशाखाली मी वाचून दाखवलेली सगळी उत्तरे एकत्र बांधून ठेवलेली सापडली.

मोजपट्टी

सायंप्रकाश ताई, आपण लिहिलेल्या एका वाक्यात या विषयाचा फार मोठा भाग आला आहे : “तुम्ही याल का?” लोक स्वयंसेवक का होत नाहीत याची कारणे शोधताना अभ्यासकांना पुन्हा पुन्हा असे आढळले आहे की अनेकांना कोणी प्रत्यक्ष विचारलेलेच नसते. सर्वांना उद्देशून काढलेले आवाहन वाचून माणूस मनात ‘चांगले आहे’ म्हणतो आणि पुढे जातो. पण ओळखीच्या माणसाने एका नेमक्या कामासाठी, तेही आपल्या अंगी असलेल्या गुणासाठी विचारले, तर त्याला नाही म्हणणे अवघड होते. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. जे हो म्हणतील असे वाटते त्यांनाच बहुधा विचारले जाते, त्यामुळे विचारण्याचा परिणाम आकड्यांत थोडा फुगून दिसतो. तरीही तो खरा आहे.

स्वभावापेक्षा प्रसंग किती भारी पडतो, याचे एक उदाहरण माझ्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी सांगते. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणाऱ्या चाळीस विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवले होते. काहींना वाटेत पडलेल्या जखमी परक्याला मदत करणाऱ्या माणसाच्या बायबलमधील कथेवर बोलायचे होते. वाटेत एक माणूस दाराशी वाकून, कण्हत बसलेला असेल अशी व्यवस्था केलेली होती. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के जण कोणत्या ना कोणत्या प्रकारे मदतीला धावले. ज्यांना ‘उशीर झाला आहे’ असे सांगितले होते त्यांच्यापैकी फक्त १० टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने लक्षणीय फरक पडला नाही. जे थांबले नाहीत ते दुष्ट होते असे कोणी म्हणणार नाही, पुढे कोणीतरी आपली वाट पाहत आहे असे त्यांना वाटत होते. आपल्या अर्जातील ‘का’ या प्रश्नाइतकाच ‘कोणत्या वेळी’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे असे मी म्हणते, ते या प्रयोगामुळे.

ओ_निगेटिव्ह

फक्त रक्तदानापुरते लिहितो. पहिल्यांदा मित्राने ओढत नेले म्हणून गेलो. दुसऱ्यांदा रक्तपेढीतून दूरध्वनी आला म्हणून. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मात्र कोणी बोलावण्याची गरज राहिली नाही. तारीख जवळ आली की माझे मलाच आठवते आणि सर्दीमुळे परत पाठवले तर दिवसभर चुकल्यासारखे वाटते. जेन पिलियाव्हिन आणि पीटर कॅलेरो या समाजशास्त्रज्ञांनी रक्तदात्यांचा अभ्यास करून नेमके हेच मांडले आहे : सुरुवात दुसऱ्याच्या सांगण्यावरून होते आणि काही फेऱ्यांनंतर ‘मी रक्तदाता आहे’ ही माणसाची ओळखच बनते. त्यामुळे पहिल्या दिवशी लिहून घेतलेले कारण पाचव्या वर्षी लागू पडले नाही, तर त्यात नवल काय?

कोरा कागद

या चर्चेत आतापर्यंत देणाऱ्यांनीच लिहिले आहे. मी वाचून घेणारा आहे. मला जन्मापासून दिसत नाही. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण चाळीसएक स्वयंसेवकांच्या आवाजांतून झाले, आणि हा प्रतिसाद मी पडदावाचक, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या, प्रणालीच्या मदतीने स्वतः टंकत आहे.

उंबरठा यांनी निरपेक्षतेचा मुद्दा काढला, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. ऋण फेडायला आलेल्या माणसाचा आवाज मला पाच मिनिटांत ओळखू येत असे. तो अतिशय हळू आणि स्पष्ट वाचत असे, प्रत्येक परिच्छेदानंतर “समजले ना?” असे विचारत असे, आणि जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवत असे. त्याच्या चांगुलपणाविषयी मला शंका नव्हती, पण दोन तासांत मी इतका आभारी व्हायचो की अभ्यासाला ताकदच उरत नसे. याउलट एक गृहस्थ मला इतिहासाचे पुस्तक वाचून दाखवायला येत. त्यांना स्वतःला त्या पुस्तकात इतका रस उत्पन्न झाला होता की मधेच थांबून ते लेखकाशी भांडत, मला मत विचारत आणि मी चुकीचे बोललो तर तसे तोंडावर सांगत. एका आठवड्यात माझी परीक्षा होती म्हणून मी त्यांना येऊ नका असे कळवले, तर म्हणाले, “मग त्या तहाचे पुढे काय झाले ते मला कधी कळणार?” माझ्या आयुष्यात कोणी मला दिलेला हा सर्वांत मोठा सन्मान आहे. ते माझ्यासाठी येत होते की पुस्तकासाठी, याचा निवाडा मला कधीच करावासा वाटला नाही.

पदवीनंतर मी नव्या मुलांना पडदावाचक शिकवू लागलो. तेव्हा मला कळले की मी घेणाराच राहिलो असतो तर एक गोष्ट कधीच मिळाली नसती. स्वतःची अडचण दुसऱ्याला समजावून सांगताना ती आपल्यापासून थोडी दूर जाते आणि तिच्याकडे एक कौशल्य म्हणून पाहता येते. अमेरिकी सामाजिक मानसशास्त्रज्ञ फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्येच हे निरीक्षण मांडले होते की स्वतः त्या अडचणीतून गेलेला माणूस मदत करू लागला की मदत करणाऱ्यालाच अनेकदा अधिक लाभ होतो. त्यामुळे संस्थांना माझी विनंती आहे की ज्यांना आपण लाभार्थी म्हणता त्यांच्याकडेही स्वयंसेवकाचा अर्ज घेऊन जा. मला तो कोणी दिला नव्हता. मी मागून घेतला.

उंबरठा

कोरा कागद, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी ज्याला निरपेक्षता म्हणत होतो तिच्या बोजाचा विचार मी कधी केला नव्हता, हे मान्य करतो. प्रमाणपत्रवाल्यांविषयीचे माझे मत मात्र अजून बदललेले नाही.

हिशेबनीस

मी एका संस्थेचा कोषाध्यक्ष आहे. आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी हा विषय निघतो की स्वयंसेवक टिकत नाहीत तर त्यांना थोडे मानधन सुरू करावे. याविषयी जे वाचले ते इथे मांडतो, कारण ते येण्याजाण्याच्या कारणांशी थेट जोडलेले आहे.

ब्रिटनमधील सामाजिक धोरणांचे अभ्यासक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये रक्तदानाच्या संदर्भात असे मांडले की पैसे देऊन रक्त घेतल्याने देण्याची भावनाच पातळ होते. पुढे कितीतरी वर्षे अर्थशास्त्रज्ञांनी त्यावर वाद घातला, कारण किंमत वाढली की पुरवठा वाढतो हा त्यांचा मूळ सिद्धान्त. मग उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिचिनी यांनी २००० मध्ये इस्रायलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. ही मुले दारोदारी जाऊन सेवाकार्यांसाठी देणग्या गोळा करत होती. एका गटाला काहीच मोबदला नव्हता, दुसऱ्याला जमलेल्या रकमेच्या १ टक्का आणि तिसऱ्याला १० टक्के मिळणार होते, आणि ते पैसे देणग्यांतून कापले जाणार नव्हते. सर्वांत जास्त रक्कम काहीही न मिळणाऱ्या गटाने जमवली, आणि सर्वांत कमी १ टक्कावाल्यांनी. स्वीडनमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या कार्ल मेलस्ट्रॉम आणि माग्नुस योहानेसन यांच्या प्रयोगात रक्तदाता होण्यासाठी पैसे देऊ केले तेव्हा तयार होणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण ५२ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले, आणि ते पैसे सेवाकार्याला देण्याची मुभा ठेवली तेव्हा पुन्हा ५३ टक्क्यांवर गेले. पुरुषांमध्ये असा लक्षणीय फरक दिसला नाही.

माझा अर्थ असा. मोबदला नसतो तोवर माणूस स्वतःला सांगतो की हे काम महत्त्वाचे आहे म्हणून मी करतो. थोडे पैसे हातात पडले की तोच माणूस विचारतो, एवढ्या पैशांत मी हे का करावे? आणि त्याचे उत्तर कधीच समाधानकारक निघत नाही.

मात्र याच आधारावर आमचे काही पदाधिकारी प्रवासखर्चही द्यायला नकार देतात, आणि तिथे माझा त्यांच्याशी कायमचा मतभेद आहे. मोबदला आणि भरपाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खिशातून खर्च करावा लागत असेल तर ज्याच्या खिशात आहे तोच स्वयंसेवक होतो, आणि मग आपण समजतो की सेवेची वृत्ती सुखवस्तू लोकांतच असते. ज्याला पैशाची अडचण आहे तो ती सांगत नाही. तो ‘वेळ मिळत नाही’ असे म्हणतो आणि येणे थांबवतो. पायवाट, आपल्या पेन्सिलीच्या नोंदींत असे किती जण असतील, ते पाहावे.

अर्धविराम

सोडून गेलेल्यांनी लिहावे असे म्हटले आहे, म्हणून लिहिते. निराश माणसांशी रात्री दूरध्वनीवर बोलणाऱ्या एका सेवेत मी चार वर्षे होते. अशा कामाचा इतिहास मला प्रशिक्षणात सांगितला होता आणि तो अजूनही आवडतो. लंडनमधील धर्मोपदेशक चॅड व्हारा यांनी १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनीसेवा सुरू केली. त्यांना भेटायला येणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा वाट पाहणाऱ्यांजवळ नुसते बसायला काही सामान्य माणसे मदतीला आली. काही दिवसांत असे दिसले की अनेकांना व्हारांना भेटण्याची गरजच उरत नाही. शेजारी बसलेल्या माणसाने ऐकून घेतलेले त्यांना पुरते. पुढच्याच वर्षी त्यांनी ऐकण्याचे ते काम स्वयंसेवकांवर सोपवले. मी आले ती याच विश्वासाने, की माझ्याकडे कोणतीही पदवी नसली तरी मी ऐकू शकते.

पहिली तीन वर्षे मी एकही रात्र चुकवली नाही. अवघड बोलणे झाले की आमच्या गटप्रमुख बाई सकाळी मला दूरध्वनी करत आणि पंधरा मिनिटे मला बोलू देत. त्या दुसरीकडे गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या व्यक्तीने रात्रींचे वेळापत्रक अतिशय काटेकोर केले, पण सकाळचा तो दूरध्वनी बंद झाला. एका रात्री बोलता बोलता पलीकडचा आवाज थांबला आणि पुढे काय झाले ते मला आजतागायत कळलेले नाही. दुसऱ्या दिवशी मला फक्त एवढाच निरोप आला की आपण नोंदवहीत वेळ लिहायला विसरलात.

मी सोडले तेव्हा ‘घरगुती कारण’ असे कळवले. माझी आस्था आटली नव्हती, मला कामाचा कंटाळाही आलेला नव्हता. ऐकणाऱ्याचे ऐकायला कोणी उरले नव्हते. आणि सोडल्यानंतर दोन वर्षे मला अपराधी वाटत राहिले, कारण ज्या कामाला मोबदला नाही ते सोडताना राजीनामाही देता येत नाही. आपण नुसतेच माघार घेतलेली माणसे ठरतो. संस्थांनी येणाऱ्याचे स्वागत करावेच, पण निघणाऱ्याला नीट निरोपही द्यावा. मला तो मिळाला असता तर कदाचित मी वर्षभराने परत गेले असते.

सायंप्रकाश

अर्धविराम, त्या सकाळच्या पंधरा मिनिटांविषयी वाचून माझे डोळे भरून आले. आपण चार वर्षे कितीतरी रात्री जागलात. त्या वाया गेल्या असे कृपया समजू नका.

मुक्कामपोस्ट

अर्धविराम यांच्या अनुभवानंतर लिहायला संकोच वाटतो आहे, पण एक बाजू राहून गेली आहे. मोठी आपत्ती आली की हेच लोक, ज्यांना एरवी वेळ नसतो, रस्त्यावर उतरतात. १८५९ च्या जूनमध्ये इटलीतील सोल्फेरिनोच्या लढाईनंतर हजारो जखमी शेजारच्या कास्तिल्योने गावात आणले गेले, तेव्हा तिथल्या बायकांनी शत्रू कोण आणि मित्र कोण हे न पाहता त्यांची शुश्रूषा केली. आंरी द्यूनां या स्विस व्यावसायिकाने ते पाहिले, त्यात स्वतः भाग घेतला आणि त्या अनुभवातून पुढे रेडक्रॉस उभी राहिली. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भूकंप झाला, त्यानंतरच्या काळात दहा लाखांहून अधिक लोक स्वयंसेवक म्हणून आले, आणि ते वर्ष तिथे स्वयंसेवेचे पहिले वर्ष मानले जाते. स्वयंसेवी संस्थांना कायदेशीर रूप देणारा कायदा १९९८ मध्ये झाला, तो याच अनुभवातून.

मी स्वतः अशा दोन आपत्तींत काम केले आहे. तिथे ‘का’ हा प्रश्न कोणीच विचारत नाही, कारण गरज डोळ्यांसमोर असते, काम हाताला लागलेले असते आणि संध्याकाळी किती झाले ते दिसते. पायवाट यांच्या संस्थेचे काम याच्या नेमके उलट आहे. ध्वनिमुद्रण करणारा एका खोलीत बसून वाचतो आणि ते कोणी ऐकले, कोणाला उपयोगी पडले, हे त्याला कधीच कळत नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रण करणारे जास्त गळतात की समोर बसून वाचणारे?

मोजपट्टी

मुक्कामपोस्ट यांचा प्रश्न अचूक आहे. ॲडम ग्रँट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या २००७ मधील एका अभ्यासात विद्यापीठासाठी दूरध्वनीवरून देणग्या मागणाऱ्यांपैकी काही जणांची, त्या देणग्यांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी पाच मिनिटे भेट घडवून आणली होती. महिन्याभराने पाहिले तर त्यांचा दूरध्वनीवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढलेली होती. ती मुले पगारी होती, स्वयंसेवक नव्हती. तरीही आपल्या कामाच्या दुसऱ्या टोकाला असलेला माणूस एकदा दिसणे किती मोलाचे असते ते यातून कळते.

उंबरठा, आपल्या बाजूने एक आधार देते, कारण पहिल्या प्रतिसादात मी आपल्यावर थोडा अन्याय केला. सारा कॉनरॅथ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अमेरिकेतील ज्येष्ठ नागरिकांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या. इतरांसाठी म्हणून सेवा करणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांतील मृत्यूचे प्रमाण सेवा न करणाऱ्यांपेक्षा कमी होते. मुख्यतः स्वतःच्या लाभासाठी करणाऱ्यांमध्ये असा फरक दिसला नाही. निरोगी माणसेच सेवेला बाहेर पडतात, हा आक्षेप लक्षात घेऊन संशोधकांनी आरोग्याच्या फरकाचा हिशेबही धरला होता. अशा अभ्यासांतून कारण पूर्णपणे सिद्ध होत नाही, पण हेतू कोणता याने काहीच फरक पडत नाही असेही म्हणता येत नाही. टिकण्यासाठी स्वतःचे काहीतरी लागते आणि त्यातून बळ मिळण्यासाठी समोरचा माणूस लागतो, असे मला ओमोटो-स्नायडर यांचा अभ्यास आणि हा अभ्यास एकत्र वाचताना वाटते.

पायवाट (धागाकर्ता)

सर्वांचे प्रतिसाद वाचून मी दोन गोष्टी केल्या, त्या कळवतो.

मुक्कामपोस्ट, आपल्या प्रश्नामुळे अर्ज पुन्हा काढले. ध्वनिमुद्रण करणारे खरोखरच जास्त गळले आहेत आणि इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते. त्यांनी वाचलेली पुस्तके वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही आता विचारले आहे की त्या आवाजाच्या माणसाला काही कळवायचे आहे का. पहिला निरोप आला तो असा : “सातव्या प्रकरणात तुम्हाला खोकला झाला होता. आता बरे आहात ना?” ज्यांना हा निरोप पोहोचवला ते काही वेळ बोललेच नाहीत. नंतर म्हणाले की दुसरा खंड मी सुरू करतो.

सोडून गेलेल्यांपैकी नऊ जणांना मी दूरध्वनी केला. दोघांनी उचलला नाही. एकाला प्रवासाचा खर्च झेपत नव्हता. हिशेबनीस, आपण म्हणालात तसे त्याने तेव्हा वेळेचेच कारण सांगितले होते. दोघींच्या घरी आजारपण होते. एका मुलीने सांगितले की ती सलग तीन शनिवार आली नाही तेव्हा आमच्याकडून कोणीच विचारपूस केली नाही, म्हणून आपल्यावाचून काही अडत नाही असे तिने धरले. त्या तीन शनिवारी तिचा विद्यार्थी वाट पाहून परत गेला होता. ते मला ठाऊक होते आणि मी तिला कळवले नव्हते, तिला वाईट वाटेल म्हणून. उरलेल्या तिघांना नेमके कारण आठवत नव्हते, पण बोलणे बराच वेळ चालले.

अर्जातील तो प्रश्न आम्ही काढून टाकला आहे. त्याच्या जागी तीन प्रश्न घातले : आपल्याला आमच्याकडे कोणी पाठवले, आपल्याला काय वाचायला आवडते, आणि आठवड्यातील कोणती वेळ आपल्याला जड जाते. तिसरा प्रश्न सायंप्रकाश ताईंचा आहे. आमच्या बैठकीत तो काहींना खासगी वाटला, म्हणून त्याचे उत्तर ऐच्छिक ठेवले आहे. परवा दोन नवे अर्ज आले, त्यांतल्या एकावर तिसऱ्या प्रश्नापुढे ‘रविवार संध्याकाळ’ असे लिहिलेले आहे. रविवारी संध्याकाळी आमचे कार्यालय बंद असते. किल्ली माझ्याकडे आहे, तेव्हा या रविवारी उघडून बसतो.

अर्धविराम, ज्यांना आम्ही लेखनिक म्हणून पाठवतो त्यांना परीक्षा संपल्यावर दूरध्वनी करण्याचे काम आमच्याकडे कोणीच करत नाही. ते घरून, आपल्या सोयीच्या वेळी करता येईल. आपण कराल का?

अर्धविराम

मला दोन दिवस विचार करू द्या. पेपर किती वाजता सुटतो?